भाजीच्या वाफ्यावर गवताचे पांघरूण



अंबड म्हटले की पुष्कळांना जालन्याकडचे अंबड आठवते. मी राहतो ते अंबड नाशिकचे. एके काळचे हे शेतीचे गाव. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे, आणि गावापेक्षा तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळेच लोक त्याला ओळखतात. पण श्रावण-भाद्रपदात या वसाहतीतून एक फेरी मारा. कारखान्यांच्या आवारात, कुंपणाच्या कडेने, रिकाम्या प्लॉटांवर गवत असे माजलेले असते की शेतकऱ्याच्या बांधालाही लाजवील. दर आठ-पंधरा दिवसांनी ते कापले जाते, पोत्यांत भरले जाते आणि कुठल्या तरी कोपऱ्यात टाकून दिले जाते. वाळले की कोणी तरी काडी लावतो. उघड्यावर कचरा जाळू नये असे २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट म्हटलेले होते. पण धूर काही नियम वाचून वर जात नाही.

तिथून दोन गल्ल्या ओलांडल्या की घरामागच्या चार हात जागेत कोणी वांगी, मिरच्या लावलेल्या दिसतात. माती म्हणजे प्लॉटवर टाकलेला मुरूम. वर ऊन. बाई सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घालते आणि दुपारपर्यंत वाफा पुन्हा पांढरा पडतो. एकीकडे गवत जळते आहे, दुसरीकडे माती जळते आहे. हे जळणारे गवत त्या जळणाऱ्या मातीवर नेऊन पसरले तर काय होते, एवढाच आजचा विषय.

याला शेतकी भाषेत आच्छादन म्हणतात. आमच्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की दिंडोरी-निफाडचा शेतकरी लगेच म्हणेल, ‘म्हणजे मल्चिंग पेपर ना!’ टोमॅटोच्या, मिरचीच्या गादीवाफ्यावर अंथरतात तो चंदेरी-काळा प्लास्टिकचा कागद. त्याचा उपयोग आहे, तो मी नाकारीत नाही. पण हंगाम संपल्यावर त्याचे तुकडे शेतात राहतात आणि नांगराबरोबर मातीत जातात. गवत मात्र स्वतःच माती होते. कागद फक्त झाकतो. गवत झाकते आणि खाऊही घालते. मोठ्या शेतीचा हिशेब वेगळा असेल, पण परसातल्या भाजीला, शाळेच्या बागेला गवतासारखे स्वस्त पांघरूण दुसरे नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग यात सांगायचे ते काय? गवत आणले, पसरले, झाले. मलाही असेच वाटले होते. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण चूक माझी होती आणि नुकसान दुसऱ्यांचे झाले.

चार वर्षांपूर्वी जवळच्या एका शाळेत मला बोलावणे आले. शाळेत परसबाग करायची होती. त्यातली भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात जायची. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. पाऊस, माती, बाष्पीभवन हे आमचे रोजचे शब्द, शेतकी पदवी मात्र माझ्याकडे नाही. तरीही मोठ्या ऐटीत गेलो. मुलांनी वांग्याची चोवीस रोपे लावली होती. मी मुलांना आच्छादनावर दहा मिनिटे व्याख्यान दिले आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून एका कारखान्यातून त्याच सकाळी कापून आणलेले हिरवेगार गवत त्या रोपांभोवती घातले. घातले म्हणजे चांगले वीतभर जाड, आणि बुंध्याला घट्ट बसवून. पावसाची झड होती. आठवड्याने गेलो तर फाटकापाशीच आंबूस वास आला. वरचे गवत पिवळे, आणि खाली हात घातला तर शेवाळ्यासारखा चिकट, कोमट लगदा. सतरा रोपे बुंध्याशी काळी पडून आडवी झाली होती. मुख्याध्यापिका बाई काही बोलल्या नाहीत. एका मुलीने मात्र विचारले, ‘सर, झाडं भाजली का?’

तिचा शब्द अगदी बरोबर होता. काय झाले ते समजून घेऊ.

ताज्या गवतात तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक पाणी असते. पाती चपटी आणि मऊ. ती एकावर एक बसली की ओल्या कागदांची थप्पी व्हावी तशी चिकटतात आणि हवेला वाट राहत नाही. शिवाय कोवळ्या गवतात नत्र भरपूर. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण पाहिले तर कापलेल्या हिरव्या गवतात नत्राच्या एका भागाला कर्ब पंधरा ते वीस भाग असतो; गव्हाच्या काडात तेच ऐंशीच्या आसपास, उसाच्या पाचटात शंभराच्या घरात, लाकडाच्या भुशात कित्येक शेकडे. मातीतल्या जिवाणूंना एकास पंचवीस-तीस हे जेवण मानवते. त्याहून नत्र जास्त असले की ते तुटून पडतात, भराभर वाढतात, आणि त्यांच्या त्या धांदलीतून उष्णता निर्माण होते. कंपोस्टच्या ढिगात पन्नास-साठ अंशांपर्यंत तापमान चढते ते यामुळेच. ढिगात ही उष्णता हवीच असते. रोपाच्या बुंध्याशी ती नको. थोड्या वेळात आतली हवा संपते, मग हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि त्यांच्याबरोबर आंबूस वास व रोपाला बाधणारी आम्ले येतात. नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. नाकाला झोंबतो तो तोच. आणि सतत ओला राहिलेला बुंधा म्हणजे बुरशीला आमंत्रण. मी गवताचे पांघरूण घातलेच नव्हते. रोपांच्या गळ्यापर्यंत मी कंपोस्टचा ढीग रचला होता!

याच्यावरचा उपाय सांगायला अगदी सोपा आहे. गवत कापले की एक-दोन दिवस उन्हात पातळ पसरा, हाताला कुरकुरीत लागू द्या, मग वापरा. उन्हात हलवून घेतले की पाती वळतात, पोकळ बसतात आणि मधून हवा खेळते. पावसामुळे वाळवता आले नाही तर ताजेच घाला, पण बोटाच्या एका पेराहून जाड नको, आणि तो थर सुकल्याशिवाय दुसरा नको. वाळलेले असेल तर दोन पेरे, फार तर तीन. रोपाच्या बुंध्याभोवती दोन पेरांचे अंतर मोकळे ठेवा. बुंध्याला वारा लागला पाहिजे.

एवढे केले म्हणजे गवत आपले काम सुरू करते. ते काम कोणते?

पहिले काम ओल राखण्याचे. भाकरी उघडी ठेवली तर घटकेत कडक होते. फडक्यात गुंडाळली तर संध्याकाळपर्यंत मऊ राहते. वाफ्याचेही तसेच. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटर जागेवरून उडाले म्हणजे बरोबर एक लिटर पाणी गेले. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफा उन्हाळ्यात उघडा असेल आणि ओल्या मातीतून दिवसाला पाच मिलिमीटर उडते असे धरले, तर पंधरा लिटर, म्हणजे एक भरलेली बादली, रोज कोणाच्याही उपयोगी न पडता हवेत जाते. ऊन आणि वारा मातीला थेट भिडले नाहीत तर या बादलीतले बरेच पाणी वाचते. आपले जुने शेतकरी हे जाणत होतेच. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. कोळप्याने वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढायची वाट मोडते. ते मातीचेच आच्छादन. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, तेव्हापासून आपल्याकडच्या कृषिशास्त्रज्ञांनी ओल टिकवण्याच्या विषयात पुष्कळ लक्ष घातले आहे.

पण ओल राखणे म्हणजे चिखल राखणे नव्हे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तो इथे महत्त्वाचा. मातीच्या कणांमध्ये ओलही असावी आणि हवाही असावी, मूठ वळावी पण हाताला चिकटू नये, ती स्थिती म्हणजे वाफसा. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या शेतीपद्धतीत बीजामृत आणि जीवामृत यांच्या जोडीला आच्छादन आणि वाफसा हे दोन खांब आहेत. त्यांचे सगळेच म्हणणे सर्व शास्त्रज्ञांना मान्य आहे असे नाही. या दोन खांबांबद्दल मात्र भांडण होण्याचे कारण नाही.

दुसरे काम पावसापासून मातीला वाचवण्याचे. वळवाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की मातीचे कण उडतात, छिद्रे बुजतात आणि वर साल धरते. मग पाणी मुरायचे सोडून वाहू लागते. शिवाय उडालेला चिखल टोमॅटोच्या खालच्या पानांना चिकटतो. जमिनीवरच्या जुन्या पानांत दडलेली करप्याची बुरशी पानावर चढते ती पुष्कळदा याच शिडीने. गवत असले की थेंब गवतावर फुटतो आणि पाणी हळूच खाली उतरते.

तणाचे तर विचारूच नका. बारीक बियांच्या तणांना उगवायला उजेड लागतो. तोच मिळाला नाही की खुरपणी निम्म्यावर येते. अपवाद दोन, हरळी आणि लव्हाळा. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी कितीही गवत घाला, भाल्यासारख्या टोकांनी ते भेदून वर येतात. तो आधी खणूनच काढावा लागतो.

आता खाऊ घालण्याचा हिशेब करू. दहा किलो ताजे गवत घेतले तर त्यातले पाणी वजा जाता सुमारे अडीच किलो कोरडा माल उरतो. त्यात अडीच-तीन टक्के नत्र धरले तर साठ-सत्तर ग्रॅम नत्र झाले. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे हे साधारण दीडशे ग्रॅम युरियाएवढे. पण घाईने युरिया बंद करू नका. गवतातले सगळे नत्र या हंगामात पिकाला मिळत नाही. काही उडते, काही जिवाणूंच्या शरीरात अडकते आणि पुढे सावकाश सुटते. तरी पोत्यात भरून फेकून देतो त्यात काय जाते, ते या आकड्यावरून ध्यानात येईल.

ही वाटणी मातीत कोण करते? चार्ल्स डार्विन हा उत्क्रांतीवाला म्हणून आपल्याला ठाऊक. त्याने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, एक पुस्तक लिहिले ते गांडुळांवर. गांडुळे पाने तोंडात धरून बिळात ओढून नेतात, कोणत्या टोकाने ओढली तर सोपे जाते हेसुद्धा त्यांना कळते, असे त्याने प्रयोग करून दाखवले. आमच्या शाळेच्या वाफ्यात मुलांनी आधी खणले तेव्हा एक गांडूळ मिळाले नव्हते. मुरमात ते कशाला येईल? गवताखाली पुढच्या पावसाळ्यात ते आपण होऊन आले. कुठून आले, ते मुलांनी मला विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. वर ओल आणि खाणे असले की आजूबाजूच्या मातीतून येतात, एवढेच सांगून सुटलो.

टाकाऊ पाल्यापासून माती घडवण्याचा विचार आपल्या भागाला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये डोंगरावरच्या गवताझाडांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या पुराबरोबर ओढ्यानाल्यांतून वाया जाते, ते बांधबंदिस्ती करून शेतात मुरवावे, असे सरकारला बजावले आहे. पुढे होळकरांच्या इंदुरात १९२४ साली वनस्पती-उद्योग संस्था निघाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने शेतातल्या काडीकचऱ्याचे खत करण्याची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. त्यांचे १९३१ चे पुस्तक मात्र एकट्याचे नाही, त्यावर वाय. डी. वाड हे दुसरे नाव आहे. हॉवर्डचे नाव घेताना वाडांचे राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगितले. आणि आपल्याच काळात कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून पाल्यापाचोळ्याची माती कशी करावी हे साध्या माणसांना करून पाहायला शिकवले.

इथे खेड्यातल्या श्रोत्याच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. ‘मास्तर, गवत गुरांना पुरत नाही, आणि तुम्ही ते मातीत घालायला सांगता!’ हेच आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या. त्या मूळच्या पेठ तालुक्यातल्या. दारात एक गाय आहे. मी गवताचे पोते सायकलवरून आणताना त्यांनी अडवले.

‘मास्तर, हे कोणासाठी?’

‘वांग्यांसाठी, आजी.’

‘वांगी काय गवत खातात? माझ्या गाईला द्या. आणि गाईला नको असेल ते जाळा. आमच्याकडं राब करतात तसं.’

राब म्हणजे काय, ते घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पाने, टहाळ, गवत यांचे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते पेटवायचे. याला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ शिकलेले मी पाहिले आहेत. मी म्हणणार नाही. त्या आगीने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश मिळते. जोराच्या पावसाच्या मुलखात रोपाला तणापासून वाचवायची ती एक युक्ती होती. पण नत्र धुराबरोबर जाते, आणि ज्याची माती व्हायची तो पालाही जातो. आमच्या अंबडला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरातच. पन्नास किलोमीटरच्या आतल्या इगतपुरीला ३००० च्या पुढे पडतो. तिथली रीत इथे जशीच्या तशी कशी चालेल? इथे आठ महिने मातीला झाकणच हवे.

गाईच्या बाबतीत मात्र आजींचे म्हणणे मी तिथल्या तिथे मान्य केले. जे गवत जनावर आवडीने खाते ते आधी जनावराला. शेणाच्या रूपाने ते शेतातच परत येते. आच्छादनाला घ्यावे ते गव्हाणीत उरलेले उष्टे, भिजून बुरसलेली वैरण, खुरपणीत निघालेले तण, बांधावरचे राठ गवत, आणि शहराजवळ असाल तर हिरवळीचे कात्रण. दुष्काळी वर्षी वैरण मातीवर पसरा असे कोणी सांगू लागला तर त्याचे ऐकू नका, मग तो रेडिओवर का बोलत असेना.

कोणते गवत घेऊ नये, हे नीट ऐका. बी धरलेले गवत नको. ते पसरणे म्हणजे तण पेरणे. फुलोऱ्याच्या आधी कापलेले घ्या. हरळीच्या कांड्या नकोत, कारण तिच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटते. नुसती वरवर छाटलेली, कडक वाळलेली पाती असतील तर चालतील, पण कांड्या आल्या तर वर्षभर रडाल. गाजर गवत, जे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आता कुठे नाही असे नाही, ते फुलावर आल्यावर हातही लावू नका. त्याने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, दम लागतो. आणि त्याच्या रसात दुसऱ्या रोपांची वाढ खुंटवणारी द्रव्ये असतात.

सगळ्यांत महत्त्वाचे, कारखान्याच्या किंवा बंगल्याच्या हिरवळीचे गवत घेताना तिथल्या माळ्याला विचारा, ‘दादा, यावर तणनाशक मारलंय का?’ रुंद पानांचे तण मारायला हिरवळीवर २,४-डी फवारतात. त्याने गवत मरत नाही, पण टोमॅटो, वांगी, घेवडा, वेलभाज्या यांची पाने पिळवटतात, आणि द्राक्षवेल तर याला फारच हळवी. नाशिकच्या माणसाला हे सांगायला नको. फवारल्यानंतरच्या पुढच्या तीन-चार कापण्यांचे गवत भाजीला घालू नका, गाईलाही घालू नका. माळ्याला आठवत नसेल तर ते गवत सोडून द्या. फुकटच्या पोत्यासाठी वाफा घालवू नये.

किती गवत लागते? तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्यावर दोन पेरे जाड थर द्यायचा तर दीडशे लिटर जागा भरेल इतके, म्हणजे दहा-बारा घमेली. हिरवे असले तर दोन-तीन आठवड्यांत ते आक्रसून कागदासारखे होते. पुन्हा वर घालावे. राठ गवत, काड, पाचट जास्त टिकते. हे कोरडे पदार्थ मातीत मिसळले तर ते कुजताना जिवाणू मातीतले नत्र ओढतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून ते वरच राहू द्यावे. थोडे हिरवे, थोडे वाळलेले असे मिसळून घातले तर फारच उत्तम.

आणखी दोन गोष्टी सांगतो, त्या मला पुस्तकात सापडल्या नाहीत, वाफ्यावर सापडल्या. कोरड्या मातीवर गवत पसरू नका. आधी भरपूर पाणी द्या, वाफसा येऊ द्या, मग पसरा. कोरडी माती झाकली तर ती कोरडीच राहते. आणि पाणी देताना झारीने वरवर शिंपडू नका. थोडे पाणी गवतच पिऊन टाकते आणि आपल्याला वाटते वाफा भिजला. गवत हाताने बाजूला सारून आळ्यात पाणी द्या, किंवा ठिबकची नळी गवताखालून न्या. बोट खुपसून पाहा, पेरभर खाली ओल लागली म्हणजे झाले.

हंगामाप्रमाणे हात सैल-घट्ट करावा लागतो. पावसाळ्यात थर पातळच असावा, कारण ओलसर गवताखाली गोगलगायींना आयती निजायची जागा मिळते. २०२२ साली लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे केवढे नुकसान केले, ते आठवत असेल. त्या दिसू लागल्या तर गवत काही दिवस काढूनच घ्या आणि संध्याकाळी ओले गोणपाट ठेवून सकाळी त्याखाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. उलट उन्हाळ्यात कोरड्या काडीकचऱ्याला वाळवी लागते. ती बहुधा वाळलेलेच खाते. पण बुंधा मोकळा ठेवला नसेल आणि रोप तहानलेले असेल तर तिकडेही वळते. मेथी, कोथिंबीर, पालक, गाजर असले बारीक बी पेरताना आच्छादन नको. कोंब वर येऊ शकत नाही. रोपे चार बोटे झाली की ओळींच्या मधून हलकेच घालावे. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, दोडका, दुधी यांना लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी, रोप रुजले की घालावे.

शिक्षक मित्रांसाठी थोडे वेगळे बोलतो. त्या फसलेल्या प्रयोगानंतर मला त्या शाळेत पाऊल टाकायची लाज वाटत होती. पण बाईंनी दिवाळीनंतर पुन्हा निरोप पाठवला, ‘या वेळी सगळ्या वाफ्यांवर नको, एकाच वाफ्यावर करू.’ हे वाक्य खरे म्हणजे शास्त्राचा शिक्षक मी असायला हवा होतो तिथे त्यांनी उच्चारले. शेजारीशेजारी दोन सारखे वाफे केले. रोपे सारखी, शेणखत सारखे, पाणी मोजून. एकावर वाळवलेले गवत, दुसरा उघडा. मुलांनी वही घातली. प्रत्येक वेळी किती डबे पाणी दिले, दर शनिवारी किती तण उपटले, पहिले फूल कधी आले. खिळ्याने भोक पाडून त्यात प्रयोगशाळेतला तापमापक बोटभर खोल उभा करायचा आणि दुपारी दोनला आकडा वाचायचा. एप्रिलमधल्या एका दुपारी दोन वाफ्यांत सात अंशांचा फरक निघाला तेव्हा मुलांचा विश्वास बसेना. त्यांनी तापमापक अदलाबदल करून पुन्हा पाहिले. मला तो आकड्याहून मोठा आनंद वाटला. पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे दोन्ही वाफ्यांच्या कडेला उभे करून झारीने उंचावरून पाणी सोडण्याचा खेळही करून पाहा. उघड्या वाफ्याचा पुठ्ठा चिखलाच्या ठिपक्यांनी भरतो, दुसरा जवळजवळ कोरा राहतो. करपा कसा चढतो ते पाचवीतल्या मुलालाही दिसते.

शाळेच्या बागेचे खरे मरण मात्र मे महिन्यात असते. सुट्टी लागते, मुले गावाला जातात, आणि जूनमध्ये परत येऊन पाहतात तर काटक्या. त्या वर्षी शिपाई मामा म्हणाले, ‘मी रोज यायचा नाही, चार दिवसांनी एकदा येईन.’ उघड्या वाफ्यातल्या मिरच्या महिनाअखेर वाळल्या. गवताखालच्या जगल्या, चार-दोन गेल्या, पण बाकीच्या जूनच्या पहिल्या पावसाला पुन्हा पालवल्या. मुलांनी त्या मोजल्या आणि वहीत लिहिल्या. आधी भाजलेल्या सतरा वांग्यांचा आकडाही त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे. तो खोडू नका असे मीच सांगितले.

आता दर पंधरवड्याला एका कारखान्याचा रखवालदार माझ्यासाठी दोन पोती बाजूला ठेवतो. ती आली की आधी आजींच्या ओट्यावर उतरवायची, हा नियम झाला आहे. त्या मांडी घालून बसतात, निवडतात, आणि हरळीच्या कांड्या ओढून गाईपुढे टाकतात. राहिलेले पोते माझ्याकडे सरकवून म्हणतात, ‘घ्या, हे तुमच्या वांग्यांचं.’ गेल्या महिन्यात त्यांच्याही दारातल्या दुधीच्या आळ्यात मी गवत पाहिले. विचारले नाही. बुंध्याभोवती दोन पेरांची जागा मोकळी सोडलेली होती.